नाल्यापल्याडची राखण

नीलिमाच्या पायाला भिंगरी आहे, असं तिची सासू ठमाबाई लग्नाच्या पहिल्या वर्षापासून सगळ्या मोहल्ल्याला सांगत आली होती, आणि खोटं सांगत नव्हती. नीलिमाला एका जागी बसवत नसे. आणि सासर मिळालं ते नेमकं बसून करायच्या कामाचं! माहेर माजरीचं. बाप कोळसा खाणीत कामाला, कॉलनीत दोन खोल्या, सकाळी वाळत घातलेली साडी दुपारी काळपट होऊन हातात यायची. पण तिथे भोंगा होता, ट्रक होते, मालगाड्या होत्या, सारखं काहीतरी हलत असायचं. तिथून ती आली सावली तालुक्यातल्या या मासे धरणाऱ्या धिवरांच्या गावात. इथले पुरुष जंगलात येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाचे, टसर रेशमाचे, किडे पाळतात आणि बाया घरात बसून त्या कोशांचं सूत काढतात.

सूत काढायचं म्हणजे राखेच्या पाण्यात कोसे उकळायचे. मऊ झाले की चारपाच कोशांची टोकं एकत्र धरायची, लुगडं वर घेऊन मांडी उघडी करायची, आणि त्या मांडीवर तळहातानं तंतू वळत वळत फिरकीवर गुंडाळायचे. मांडी उघडी म्हणून दार लोटलेलं. बाहेर उन्हाळा पेटलेला, आत चूल पेटलेली, आणि उकळत्या कोशांचा वास तर असा की पहिल्या उन्हाळ्यात नीलिमाला घास गिळवत नव्हता. मांडीचं सालटं निघालं ते वेगळंच. ठमाबाईनं त्यावर खोबरेल लावलं, फुंकर घातली आणि म्हणाली, "दुसरी मांडी हाय ना?"

अशी बाई. पण तिचं सूत पाहाल तर हात जोडाल. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं, कुठे गाठ नाही की फुगवटा नाही. नीलिमाचं सूत तिच्यासारखंच, मध्येच जाड, मध्येच बारीक, मध्येच तुटलेलं. "तुह्या मनासारखंच सूत हाय तुहं," ठमाबाई म्हणायची, आणि नीलिमाला राग यायचा तो बहुतेक ते खरं असल्यामुळे.

नीलिमाला मात्र वेगळीच गोष्ट टोचत होती. जे किडे हे कोसे करतात, ते गावातल्या एकाही बाईनं झाडावर पाहिले नव्हते. राखणीचे नियम कडक. किडे झाडावर असले की राखण करणाऱ्यानं एक वेळ जेवायचं, अंगाला तेल नाही, दाढी नाही, भाजीत हळद नाही, आणि मासळी तर मुळीच नाही. धिवराच्या घरात मासळी बंद म्हणजे काय, हे धिवरालाच विचारावं. भांडण नाही, आवाज चढवून बोलणं नाही. आणि बाईमाणसानं जंगलाच्या वेशीवरचा नाला ओलांडायचा नाही. बायांनी शिध्याचं गाठोडं अलीकडच्या दगडावर ठेवायचं, हाक मारायची आणि मागे फिरायचं. बाईची सावली झाडावर पडली तर किडे रुसतात, खाणं टाकतात, काळे पडून मरतात. असं झालेलं कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही, आणि म्हणून शंकाही कुणी घेतली नव्हती.

नवी असताना नीलिमानं एकदा विचारून पाहिलं, "आत्याबाई, तुमी कधी पायले का जी किडे?"

"पाहाले काय ते नवरदेव हायेत?" ठमाबाई फिसकारली.

नीलिमाचा नवरा रोशन गरीब स्वभावाचा. त्यानं एका वर्षी मोबाइलवर किड्यांचा व्हिडिओ काढून आणला. पण तळहाताएवढ्या काचेत हिरवं काहीतरी वळवळताना दिसलं, त्यात जीव कसा भरावा? रोशननं मोठ्या हौसेनं मोबाइल आईपुढे धरला, तर तिनं पदर डोळ्यांवर ओढला. "फोटूत पाह्यलं तरी पाह्यलंच होते," म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली.

अशी वर्षं गेली. उन्हाळाभर बियाण्याचे कोसे आढ्याला माळा करून टांगलेले राहायचे, मिरगाच्या सुमाराला त्यातून तळहाताएवढी पाखरं निघायची, अंडी द्यायची, अंड्यांतून किडे निघाले की पुरुष ते पानांच्या द्रोणांत घेऊन जंगलात. बाया धानाच्या रोवणीला. मग हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पुन्हा चूल, राखेचं पाणी आणि मांडी. नीलिमाचं सगळं आयुष्य त्या किड्यांच्या मागेपुढे फिरत होतं आणि किडे तेवढे नाल्यापल्याड. रोवणी करताना, गाठोडं घेऊन नाल्यावर जाताना, तिची मान आपोआप तिकडे वळायची. पल्याड नुसतं हिरवं दिसायचं.

यंदा पावसाळ्यातलं पहिलं पीक झडीनं पार धुऊन नेलं. राहिलेल्या मूठभर कोशांतून दुसरं पीक धरलं. हे साधलं तर पुढच्या सालाला बियाणं उरणार, नाही साधलं तर संपलं. नीलिमाचा सासरा मुखरू आपल्या बापाच्या हातचं बियाणं धरून होता. दुसऱ्यांनी कधीच बाहेरचं बियाणं आणायला सुरुवात केली होती, मुखरूनं नाही. या घरातल्या कोशाचा रंग वेगळा, किंचित तांबूस, आणि सूत काढताना तंतू लवकर तुटत नसे. त्या बियाण्यासाठी घर श्वास रोखून बसलं होतं.

आणि नेमका आश्विनात, किडे बोटाएवढे जाड होऊन कोसा बांधायच्या बेतात असताना, रोशन तापानं फणफणला. श्रावण नावाचा शेजारी त्याला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला, तर त्याचे दात वाजत होते. दवाखान्यात रक्त तपासलं. हिवताप. गोळ्या मिळाल्या, पण पाय जमिनीवर ठरेनात.

"आता जंगलात कोण?" नीलिमानं विचारलं.

"तुहा सासरा हाय ना थो," ठमाबाई म्हणाली. "तो काय मेला का?"

मेला नव्हता, पण त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळेच तोंड मिटून होते. दुसरा माणूस ठेवावा तर लवकर पिकणारा हलका धान कापणीला आलेला; जो तो आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात. आणि राखणीचे नियम पाळणारा माणूस असा ऐनवेळी कुठून आणायचा?

दुसऱ्या दिवशी नीलिमा गाठोडं घेऊन नाल्यावर गेली. एकटीनं जंगलाकडे जाऊ नका, वाघ फिरतो आहे, असं वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगून गेली होती. नीलिमाला वाघाची भीती वाटत नव्हती असं नाही. पण वाघापुढे निदान खुलासा तरी करावा लागत नाही.

तिनं हाक मारली. बऱ्याच वेळानं मुखरू काठी टेकत पलीकडच्या काठावर आला. दाढी वाढलेली, गुडघा फुटलेला. मागे झाडीत कावळ्यांचा कलकलाट चालला होता.

"मामाजी, कावळे लई वरडून राह्यले जी."

"वरडू दे."  मग त्याच्यानं राहवेना. "खरं सांगू का बाई? मले ऐकू येते, दिसत नाई. आवाज येते तिकडं गुलेल मारतो. सकाळपासून दोन झाडं साफ केली त्याइनं. मी नुसता फिरून राह्यलो."

"मी येऊ का?"

तिच्या तोंडून निघून गेलं. मुखरूनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. 

"तू घरी जाय," शेवटी तो म्हणाला. पण स्वतः जागचा हलला नाही. ज्याला समोरच्यानं जायला हवं असतं, तो स्वतः पाठ फिरवतो. हा म्हातारा उभाच.

नीलिमानं चपला काढून दगडाखाली सारल्या. पाणी घोट्याएवढंच होतं, पण काळजाचं असं पाणी झालं की पलीकडचा काठ गाठेपर्यंत तिला तो नाला वैनगंगेएवढा वाटला. ती वर चढली तेव्हा मुखरूनं तिच्याकडे पाहिलं नाही. त्यानं तोंड फिरवलं आणि पुढे चालू लागला. चालता चालता झाडांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मले तर दिसतच नाई बाप्पा, कोण आलं नि कोण गेलं."

पहिल्यांदा तिला काही दिसलंच नाही. येनाची बुटकी झाडं, कुरतडलेली पानं. मग कान भरले. वारा नाही, ढग नाही, आणि पानांवर बारीक भुरभुर पडत असल्यासारखा आवाज. तिनं हात पुढे केला, पाऊस नव्हता. मग एका फांदीवर एक पान सरकन कमी होताना दिसलं, आणि एक दिसला तसे सगळेच दिसू लागले. हिरवेगार, पानाच्याच रंगाचे, कुशीला चांदीच्या टिकल्या लावल्यासारखे चमकते ठिपके. पुढच्या बारीक पायांनी पानाची कड धरून वरून खाली, वरून खाली, खातच होते. आवाज त्यांच्या खाण्याचा होता. नीलिमाला रडू आलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. आनंद झाला होता, हे मात्र खरं.

मग रडायला सवड राहिली नाही. कावळे आले. गुलेल तिला माजरीपासून चालवता येत होती. कॉलनीतल्या पोरांत तिच्या नेमाला तोड नव्हती. मुखरू डबा वाजवायचा, ती खडा मारायची. ज्या फांदीची पानं संपली तिच्यावरचे किडे डहाळीसकट कापून दुसऱ्या झाडावर बांधायचे. मुंगळे वर चढू नयेत म्हणून बुंध्याशी राख टाकायची. पायाला भिंगरी असलेल्या बाईला देवानं याहून चांगलं काम काय द्यावं? झाडापासून झाडापर्यंत दिवसभर फिरत राहायचं, आणि कुणी "बस जरा एका जागी" म्हणायचं नाही.

ऊन कलताना ती घरी परतली. ठमाबाई दारातच होती.

"कुठी गेलती?"

"गुलाबच्या बांधीत. धान कापाले."

गुलाब म्हणजे पलीकडच्या गल्लीतली मैत्रीण, तिला नीलिमानं आधीच सांगून ठेवलं होतं. ठमाबाईनं सुनेला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "कसा हाय धान?"

"बरा हाय. लोंब्या भरल्या चांगल्या."

"हं," ठमाबाई म्हणाली आणि आत गेली.

मग रोजचंच झालं. सकाळी रोशनला गोळ्या देऊन निघायचं, संध्याकाळी धानाची खोटी गोष्ट सांगायची. रोशन खाटेवरून टुकुटुकु पाहायचा. त्याला समजलं होतं, पण ताप हे त्याला गप्प बसायला चांगलं निमित्त होतं. आणि ठमाबाई रोज विचारायची, "आज काय केलं?" नीलिमा सांगायची: कापलं, पेंढ्या बांधल्या, बांधीत पाणी होतं, विंचू निघाला. खोटं बोलताना तिची जीभ फिरकीसारखी फिरायची.

एका संध्याकाळी ताटात वरण पडलं ते पांढरं होतं. हळद नव्हती. बाजूला मासळीचं भांडं झाकलेलं दिसत होतं, वास येत होता, पण ठमाबाईनं ते तिच्यापुढे सरकवलं नाही. स्वतः मात्र दोन तुकडे घेतले. नीलिमाचा घास हातातच राहिला. राखण करणाऱ्याचं जेवण होतं ते! म्हणजे हिला कळलं. कळलं तर ओरडत का नाही? केस धरून मोहल्ल्यात ओढत का नेत नाही? तिनं चोरून सासूकडे पाहिलं. ठमाबाई काटे काढण्यात गुंतली होती.

त्या दिवसापासून नीलिमाचा जीव टांगणीला लागला. ओरडली असती तर बरं झालं असतं; हे पांढरं वरण गिळवेना. तिला वाटलं, म्हातारी वाट पाहते आहे. पीक बुडू दे, मग सगळ्यांसमोर बोलेल: हिनं नाला ओलांडला, हिनं माझ्या सासऱ्याचं बियाणं बुडवलं. आणि मग जन्मभर तेच. रोशनही तेव्हा मान खाली घालेल.

आणि तसंच व्हायची लक्षणं दिसली. एका सकाळी ती गेली तर कोपऱ्यातल्या झाडावर किडे डोकं खाली करून लोंबत होते. काळे. हात लावला तर पातळ पाणी. एक, दुसरा, तिसरा...  आता ती काही माजरीची, कॉलनीतल्या शाळेत शिकलेली, सावलीबिवली न मानणारी नीलिमा राहिली नाही. आपली सावली कुठे पडली होती, काल दुपारी आपण कुठे उभ्या होतो, हेच ती आठवू लागली. सावली आवरून घेता येत असती तर तिनं पदरात बांधली असती.

"मामाजी, मी जातो घरी. माह्यामुळं मरून राह्यले."

मुखरू चाचपडत आला. मेलेला किडा बोटांनी चोळला, वास घेतला. "हे दरसाल होते."

"खरं सांगा जी."

"अवं, बाई नसली तरी होते. रोशनले विचार. पावसानं होते, उन्हानं होते. हे उचल, खड्डा कर, राख टाक, त्या झाडाचे दुसऱ्याइले लागू देऊ नको. रडत काय बसली?"

तो खरं बोलत होता की ती पळू नये म्हणून बोलत होता, हे नीलिमाला समजलं नाही. पुढेही कधी समजलं नाही. तिनं मेलेले उचलले, पुरले, राख टाकली, नाल्यावर हात धुतले आणि परत आली. मन एक सांगत होतं, हात दुसरंच करत होते. तिन्हीसांजेला घरी आल्यावर ठमाबाईनं विचारलं, "आज काय केलं वं?" तेव्हा तिला नवी गोष्ट सुचली नाही. "धान," एवढंच म्हणाली. ठमाबाईनं तिच्या नखांतली राख पाहिली, आणि पांढरं वरण जरा जास्तच वाढलं.

मरणं त्या एका झाडापाशीच थांबलं. मग किडे खायचे थांबले, आणि भुरभुर बंद झाल्यावर रानात अशी शांतता पसरली की नीलिमाला भीती वाटली. एकेकानं पानं ओढून घेतली, आधी फांदीभोवती एक मजबूत कडं विणलं, मग त्या कड्याला लोंबता कोसा. तिनं आजवर हजारो कोशांची ती कडी विळीनं छाटून चुलीत टाकली होती. आता किडा डोकं इकडून तिकडे, इकडून तिकडे नेत ते विणताना तिनं पाहिलं. तिचा हातही मांडीवर असाच जातो. कोसा दाट होत गेला, आतली हालचाल अंधूक झाली, मग दिसेनाशी झाली.

पीक मोठं झालं नाही, पण झालं. तांबूस, टणक कोसे. बियाण्यापुरते निघून वर सुताला उरतील इतके. झाडाखाली नारळ फोडायला पुरुष गेले तेव्हा रोशन बरा होऊन त्यांच्यात होता. वामनराव म्हणून गावचे वडीलधारे, त्यांनी मुखरूला विचारलं, "एकट्यानं साधलं गा तुवं?" मुखरू म्हणाला, "आणखी कोणी मले तर दिसलं नाई." सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. त्या दिवशी घरात मासळी शिजली, हळद पडली, आणि नीलिमाच्या ताटातही पडली. ती पाहत राहिली, आता तरी सासू बोलेल. ठमाबाईनं तिला आणखी एक तुकडा वाढला.

दिवाळी झाली. मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले, नाटकांचे भोंगे गावोगाव फिरू लागले. बियाण्याचे कोसे माळा करून आढ्याला चढले आणि उरलेले चुलीवर. दार लोटून सासू-सून समोरासमोर बसल्या. लुगडी वर, मांड्या उघड्या. ठमाबाईच्या मांडीवरची कातडी चाळीसेक वर्षांच्या घासण्यानं चामड्यासारखी गुळगुळीत झालेली. नीलिमाचं सूत त्या दिवशी फार तुटत होतं. तिसऱ्यांदा तुटलं तेव्हा तिनं फिरकी खाली ठेवली.

"आत्याबाई, काय बोलायचं ते बोलून टाका जी. मी गेलती नाल्यापल्याड. माहा जीव नाई राह्यला, अन् मामाजीले दिसत नव्हतं. चूक म्हणा का पाप म्हणा, पण गप्प नोका राहू."

ठमाबाईचा हात मांडीवर चालत राहिला. नीलिमानं मनात उत्तरं जमवून ठेवली होती: बियाणं वाचलं की नाही? मेले ते दरसाल मरतात की नाही? तुम्ही तरी कुठे पाहिलं होतं सावलीनं मरताना?

"खाताना आवाज येते म्हणतेत," ठमाबाई म्हणाली. "खरं हाय का?"

नीलिमाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "हो जी. येते. पानी भुरभुरल्यावानी."

ठमाबाईचा हात थांबला. कोशातून निघालेला तंतू तिच्या बोटांत तसाच ताठ राहिला. नीलिमानं त्या हाताला असं मध्येच थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"पह्यल्याच दिवशी तुह्या केसात येनाचं पान होतं," ती म्हणाली. "मले वाटलं, आज सांगेल, उद्या सांगेल. रोज विचारलं तुले, आज काय केलं, आज काय केलं. अन् तू आपली धान कापून राह्यली, विंचू मारून राह्यली! एवढं सूत गेलं या मांडीवरून. लगन होऊन आली तवापासून. कोणी मले म्हटलं नाई, चाल ठमा, पाहून घे एकडाव. मी बी कोणाले म्हटलं नाई." तिचे डोळे भरून आले, आणि ती लाजली नाही, उलट तिला संताप आला. "तू गेली तं गेली. मले काऊन नाई नेलं वं?"

चुलीवरचं पाणी उतू जाऊन विस्तव फसफसला. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.  नीलिमा सरकत सासूच्या जवळ गेली, मांडीला मांडी लावून बसली, आणि जसं दिसलं होतं तसं पहिल्या झाडापासून सांगू लागली.